मायच्या हातचं कुंकू

तांदूळ शिजताना जो गोडसर, ओलसर वास सुटतो तो आमच्या जानेफळच्या घरात सणावारीच यायचा. एरवी दोन्ही वेळा ज्वारीची भाकर, चुलीच्या आरावर टम्म फुगणारी, आणि तिच्या करपलेल्या पापुद्र्याचा कोरडा खमंग दरवळ. भात म्हणजे पाहुणे, भात म्हणजे लग्न, नाहीतर भात म्हणजे पितरांचा दिवस. त्यामुळे त्या उन्हाळ्यात आमच्या चुलीवर रोज भाताचं आधण चढू लागलं तेव्हा शेजारची सोनाकाकू भिंतीवरून मान उंचावून विचारायची, "काऊन वं, आज कोन आलं?" आणि मी जन्माची तिखट जिभेची, तिला तिथल्या तिथे उत्तर द्यायची, "कोनी नाही आलं काकू, आमची वयनी जेवून राह्यली." रोज भात खाणारी बाई गावाने तोवर पाहिली नव्हती.

वहिनी मनिलाची होती. फिलिपिन्स नावाची बेटं पूर्वेच्या समुद्रात आहेत आणि मनिला ही त्यांची राजधानी, एवढं मला मामाकडे बुलढाण्याला राहून इंग्रजी शिकल्यामुळे ठाऊक होतं. गावाला तेवढंही नव्हतं. माझा थोरला भाऊ भास्कर लढाईच्या आधी मुंबईच्या एका कापडवाल्याच्या पेढीवर लागला आणि पेढीने त्याला मनिलाच्या दुकानावर धाडला. तिथल्याच मुलीशी लग्न केल्याचं त्याने कळवलं तेव्हा माय चार दिवस कोणाशी बोलली नाही, पाचव्या दिवशी म्हणाली, "सून तर सून, आनून दाखव म्हना." पण पुढे जपान्यांची लढाई पेटली आणि भास्करदादाकडून येणारं सगळंच थांबलं. भाऊ परगावी असला की बहिणीने बीजेच्या चंद्राला ओवाळायचं असा रिवाज. माय मला दर भाऊबीजेला अंगणात उभी करी, आणि मी त्या नखाएवढ्या चंद्राला ताम्हण ओवाळून निमूट घरात येई. लढाई संपली, नागपूरच्या कचेऱ्यांत विचारपूस करून झाली, आमच्या मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या सरकारालाही काही सांगता येईना, तरी माझी दरसालची ओवाळणी चुकली नाही.

आणि मग एका चैत्रातल्या दुपारी, रस्त्यावरच्या धुळीला उन्हाचा भाजका वास येत असताना, मेहकरची मोटर थांबली आणि तिच्यातून एक ठेंगणी, गव्हाळ रंगाची, चपट्या नाकाची आणि फार शांत डोळ्यांची बाई पत्र्याची ट्रंक घेऊन उतरली. अंगात पायघोळ काळा झगा. ती विचारत विचारत आमच्या दारी आली, मायसमोर वाकली आणि मायने पाय पुढे करावेत तर तिने मायचा उजवा हातच उचलून आपल्या कपाळाला लावला. त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांना असा नमस्कार करतात. मायने चटका बसावा तसा हात मागे घेतला. तेव्हा ती बाई चक्क आमच्या वऱ्हाडीत म्हणाली, "माय, म्या भास्करची बायको. लिगाया. म्या सांगाले आली."

मायने त्या काळ्या झग्याकडे पाहिलं. मी शपथेवर सांगते, त्या क्षणी तिला सगळं समजलं होतं; तिच्या ओठांचा रंग उडालेला मी पाहिला. पण ती म्हणाली, "उन्हातून आली वं तू. पानी पे, हातपाय धू. सांगनं-बिंगनं मंग."

ते 'मंग' कार्तिक उजाडला तरी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायने आपल्या पेटीतलं हिरवं लुगडं काढलं, हिरव्या बांगड्या काढल्या आणि कुंकवाचा करंडा उघडून वहिनीला समोर बसवलं. वहिनी गोंधळून माझ्याकडे पाहू लागली आणि इंग्रजीत सांगू लागली की आमच्याकडे नवरा गेला की बायको वर्षभर काळं नेसते, आणि एवढ्या लांबच्या वाटेत माझं वर्ष सरलं तरी माझ्यानं ते उतरवलं गेलं नाही. मी ते मायला सांगायला तोंड उघडलं मात्र, तिने मला हातानेच गप्प केलं. "तिच्या मुलखात तिचं. इथं माह्या लेकाची बायको मोकळ्या कपाळानं नाही फिरनार." आणि तिने आपल्या बोटाने, रुपयाएवढं, ठसठशीत कुंकू सुनेच्या कपाळावर रेखलं. त्यानंतर रोज सकाळी हाच सोहळा. वहिनी मुकाट्याने येऊन बसायची, डोळे जमिनीला लावायची, आणि मायचं बोट तिच्या कपाळावर फिरत असताना तिच्या गळ्याखालची शीर थडथड उडायची. मला ते बघवत नसे. मी उठून गोठ्यात जायची.

तरी गंमत बघा, आमच्या घरात तिला जागा मिळाली ती याच हट्टापायी. परजातीची, परधर्माची, गळ्यात क्रूस घालणारी बाई. दुसरी कोणी असती तर तिला ओसरीवरच पान वाढलं असतं. पण भास्कर जिवंत आहे असं म्हणायचं, तर ही त्याची बायको. आणि ही त्याची बायको, तर चुलीपाशी, देवघराशी, हळदीकुंकवाला, सगळीकडे तिचा मान पहिला. मायने तो मान असा दांडगाईने वसूल केला की सोनाकाकूसारख्या बाईलाही तिची ओटी भरावी लागली. वहिनीला घर हवं होतं की नाही कोण जाणे, पण तिचं माणूस मेलेलं आहे एवढं तिला मोठ्याने म्हणायचं होतं, आणि आमच्या घरात राहायची अटच ही की तेवढंच म्हणायचं नाही. मला मायची दया यायची आणि तिचा संतापही यायचा, एकाच वेळी.

दुपारच्या वेळी, अंगणातल्या लिंबाची सावली ओसरीवर सरकत यायची तेव्हा आम्ही दोघी शेंगा निवडत बसायचो आणि ती मला तिचं गाव दाखवायची. बांबूच्या पट्ट्यांची जमीन असलेली, खांबांवर उभी घरं; शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवलेल्या खिडक्या, ज्यांतून ऊन दुधासारखं आत येतं; सकाळी खांद्यावर कावड घेऊन गरम गोड खरवसासारखं काहीतरी विकत फिरणारा माणूस; टापा वाजवत जाणारे घोड्याचे टांगे; आणि संध्याकाळी खाडीच्या भिंतीवर अख्खं शहर सूर्य बुडताना पाहायला येतं, बँड वाजत असतो, पोरीबाळी फिरत असतात. दिवस मावळताना पाहायला कशाला जायचं, हे मायला अजिबात पटत नसे. "आपल्या इथं रोज मावळते, कोनी टांगा करून नाही जात," ती भाकरी थापता थापता म्हणायची. वहिनीला हसू आलं की ती तोंडावर हात न घेता खुशाल हसायची.

त्यांच्या गावोगावच्या जत्रेला कोणाचंही दार कोणालाही उघडं असतं. ओळख नाही, पाळख नाही, रस्त्याने जाणाऱ्याला हाताला धरून आत आणायचं आणि वाढायचं. भास्करदादा असाच एका जत्रेत तोंड चुकवून चालला होता, तर वहिनीच्या बापाने त्याला ओढून घरात बसवलं आणि तिने त्याला वाढलं. हे ऐकून मायचा हात परातीत थबकला. "जात नाही इचारली?" वहिनीने मान हलवली. "जेवला का, येवढंच इचारते आमी." मायने पुन्हा पीठ पुढे ओढलं आणि स्वतःशीच पुटपुटली, "तरीच टिकला पोरगा तिकडं."

ती आमच्या चिंचेचं आंबट पाणी उकळून त्यात मुळा, वांगी, शेवग्याचा कोवळा पाला टाकायची आणि ते कढत कढत भातावर घ्यायची. पहिल्यांदा मी तोंड वाकडं केलं, पण वैशाखातल्या त्या जिवाची काहिली करणाऱ्या दुपारी तो आंबट घोट घशाखाली उतरला आणि मी मुकाट्याने वाटी पुढे केली. पैनगंगेचे मासे कोणी आणून दिले तर ती वेडीच व्हायची. आणि तिची बोली! ती दादाने शिकवलेली, आणि दादाने शिकवली ती आपल्या सोबत्यांशी बोलायचा तशी. मायला ती बेधडक म्हणायची, "काऊन बे, तू जेवली नाही का?" सासूला 'बे'! मी हसून हसून आडवी व्हायची. माय मात्र हसत नसे. ती पदर तोंडाला लावून आत जायची, कारण तो स्वर, तो हेल, वाक्य संपवताना मान झटकायची ती लकबसुद्धा तिच्या लेकाची होती. तिला रोज ते ऐकायचंही होतं आणि ऐकवतही नव्हतं.

नवरात्रात मायने बैलगाडी जुंपायला लावली. लोणारला जायचं, खाली विवरातल्या कमळजादेवीला सुनेच्या हाताने ओटी भरवायची आणि भास्करला परत मागायचा. मेहकर मागे पडलं, ज्वारी निसवायला आली होती, वाऱ्यावर तिच्या पात्यांची सळसळ आणि मातीचा निवता वास. लोणारच्या काठावर येऊन उभं राहिलं की पाऊल आपोआप थबकतं: पायाखालची धरती एकदम खचलेली, खोल खाली झाडीचं कडं आणि मधोमध ते हिरवट, निश्चल, मुकं पाणी. त्या पाण्याचा खारट-कुजका वास वर येत होता. वहिनी काठावर आली आणि तिने माझं मनगट घट्ट धरलं. तिच्याकडेही असं एक सरोवर आहे, डोंगराच्या मुखात भरलेलं, म्हणाली. लग्नानंतर दोघं एका रविवारी ते पाहायला गेले होते, वरच्या धारेवर वारा इतका होता की दादाची टोपी उडाली, आणि केळीच्या पानावरचा भात नि तळलेले बारके मासे खाताना तो म्हणाला होता की आमच्या मुलखातही असंच आहे, तुला दाखवीन. "दाखवलं," एवढंच ती म्हणाली आणि उतरू लागली.

खाली देवळात गर्दी होती, तेलाचा, झेंडूचा, घामाचा दाट वास होता. मायने नारळ सुनेच्या ओंजळीत दिला. "माग पोरी. तो येईन असं माग." वहिनी कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. मागच्या बाया कुरकुरू लागल्या. मग तिने आपल्या भाषेत काहीतरी म्हटलं आणि नारळ ठेवला. बाहेर आल्यावर मायने विचारलं, "काय मांगतलं?" खोटं बोलणं तिच्या स्वभावातच नव्हतं. ती म्हणाली, "म्या मांगतलं, मायले आयकाचं बळ दे."

मायने चढावर माझा हात धरला नाही, तिचा तर नाहीच. दम लागून मधे मधे थांबत, गुडघ्यावर हात टेकत ती एकटी वर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र करंडा नेमाने उघडला. त्या दिवशीचं कुंकू नेहमीपेक्षा मोठं होतं.

त्यानंतर घर आंबत गेलं. मी एकदा धीर करून मायला म्हटलं, "अवं, एकदा आयकून तरी घे. ती समुद्र वलांडून आली." माय कापूस वेचत होती, तिने मान वर केली नाही. "आयकलं का झालं मंग. आज तो नाही आला, येवढंच हाय. आयकलं तर कवाच नाही येनार." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "आन इलेबी मंग कोन ठिवते घरात? पांढऱ्या कपाळाची, परमुलखाची. गाव जगू देईन?" मायच्या त्या कुंकवात तिचा हट्ट किती आणि सुनेची राखण किती, हे मला त्या दिवसापासून नीट सांगता येत नाहीसं झालं.

दिवाळी आली. त्यांचा मेलेल्यांचा दिवस आमच्या दिवाळीच्या मागेपुढेच येतो. सारं कुटुंब कबरींवर जातं, दिवे लावतं, तिथेच बसून खातं, गप्पा मारतं, मेलेल्याच्या खोड्या काढून हसतं. त्या वर्षी तो भाऊबीजेच्या आदल्या दिवशी होता. घरात करंज्यांची धांदल चालली होती, म्हणून वहिनीचा दिवस हुकला. "चालते," ती मला म्हणाली, "भास्कर एक दिवस थांबीन." भाऊबीजेच्या दुपारी तिने भिजवलेले तांदूळ पाट्यावर वाटले, पीठ फडक्यात बांधून निथळलं. तिकडे ते चपटे थापून उकळत्या पाण्यात सोडतात, शिजले की तरंगून वर येतात, मग ओल्या नारळात, साखरेत नि तिळात घोळवतात. पण तो तांदूळ चिकट असतो, आमचा सुटा. तिचे चपटे तुकडे पाण्यात विरघळून जाऊ लागले, तेव्हा तिने नाइलाजाने घट्ट दाबून गोळे वळले. ओला नारळ नव्हता, सुकं खोबरं किसलं. डब्यात तीळ काळे होते, ते लावले. परसातलं केळीचं पान कापून तिने ते गोळे त्यावर ओळीने मांडले आणि अंगणात भिंतीच्या कडेला पाटावर ठेवून शेजारी मेणबत्ती लावली.

मी ताम्हणात निरांजन, सुपारी, कुंकू घेऊन बाहेर आले तेव्हा संध्याकाळ कोवळी होती, कपाशीच्या शेतांवरून गार वारा येत होता, आणि त्या पानाकडे पाहताच मी जागीच थांबले. पांढरे भाताचे गोळे, त्यांवर काळे तीळ, केळीचं पान. आमच्याकडे ते ओळखायला कोणाला शिकवावं लागत नाही. तेवढ्यात करंज्यांची ताटली घेऊन आलेल्या सोनाकाकूने ते पाहिलं आणि तिच्या तोंडातून किंकाळीच निघाली. "अवं माय वं! पिंड! जित्या लेकाचे पिंड घातले वं तुह्या सुनेनं, भाऊबीजेच्या दिवशी!" ताटली तिथेच टाकून ती पळाली. आता गावभर होणार.

माय दारात उभी होती. वहिनीला काय झालं ते कळेना. ती एकदा पानाकडे, एकदा आमच्याकडे पाहत होती. मला वाटलं, आता माय ते पान भिरकावणार, आता हिला हाताला धरून बाहेर काढणार, आणि मी ताम्हण छातीशी धरून मधे जायच्या बेतात होते. पण माय हळूहळू पायऱ्या उतरली आणि पाटापाशी मांडी घालून बसली.

"हे त्याले आवडे?"

"लय आवडे," वहिनी म्हणाली. "तोंड पोळे, तरी थांबे नाही."

मायने एक गोळा उचलला. पिंडाला कोणी तोंड लावत नाही. तिने तो तोंडात घातला आणि सावकाश चावू लागली. "खोबरं जून हाय," ती म्हणाली. मग गिळलं, आणि पानाकडेच पाहत विचारलं, "कुठी ठिवलं त्याले?"

इतके महिने अडवून धरलेलं ते वहिनीने आमच्या वऱ्हाडीतच सांगितलं, दादाच्या हेलात, मान झटकत. गाव जळत होतं. वरून बाँब पडत होते. दादा पाण्याची बादली भरायला गेला आणि छातीत लोखंडाचा तुकडा घुसून परत आला. घराच्या मागे आंब्याचं झाड होतं, त्याच्याखाली.

"पानी भेटलं त्याले?"

"म्या पाजलं. दोन घोट घेतले."

"कोन कोन होतं?"

"कोनी नाही. म्या एकलीच होती. म्याच खंदलं. फावडं मोडलं, मंग हातानं."

मायने तिचे दोन्ही हात ओढून घेतले, उलटेसुलटे करून पाहिले, जणू माती अजून नखांत असेल. मग तिने ते आपल्या तोंडावर दाबले आणि माझी माय रडली. आवाज न करता, सगळ्या अंगाने. वहिनी रडली नाही. ती मायच्या पाठीवर हात फिरवत राहिली. भाऊ गेला हे मला तेव्हा पहिल्यांदा खरं वाटलं, आणि ताम्हणाचं काय करावं ते सुचेना. बाभळीच्या शेंड्यावर बीजेची कोर बुडायला टेकली होती. सवयीने मी तिकडे वळले.

"तिकडं नोको," मायने डोळे पुसले. "इले ओवाळ."

विधवेला ओवाळत नाहीत, हे माझ्या मायला कोणी सांगायला नको होतं. ज्या घटकेला तिने लेकाला जाऊ दिलं त्याच घटकेला आमच्या घरात एक विधवा झाली, आणि उद्यापासून तिला हळदीकुंकवाला कोण बोलावील, तिच्या हातचं पाणी कोण घेईल, मायचा आता कोणता हट्ट तिला राखील, हे सगळं मायच्या त्या ओल्या, थकलेल्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. आज त्यावर मी कितीही विचार केला तरी तिने वहिनीला त्या संध्याकाळी काही दिलं की होतं तेही काढून घेतलं, हे मला ठरवता येत नाही.

ओवाळण्याआधी कुंकू लावायचं असतं. मी बोट ताम्हणातल्या कुंकवात बुडवलं आणि ते तसंच हवेत राहिलं. मी मायकडे पाहिलं. इतके दिवस जमिनीला डोळे लावून बसणाऱ्या वहिनीने या वेळी मान वर केली, माझ्याकडे सरळ पाहिलं आणि आपण होऊन कपाळ पुढे केलं. मी बोट टेकवलं. ते कुंकू कसलं म्हणायचं ते तिने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.